कमरेचं माप: कायरोप्रॅक्टिकच्या पंधरा बैठका, सात दिवसांची कटीबस्ती आणि माझी वही

मी लेडीज टेलर आहे. पुण्यात धनकवडीला माझं छोटं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. कटिंग उभ्याने वाकून आणि शिलाई बसून वाकून, असं सगळं काम वाकूनच. लग्नसराईत दिवसाला आठ-नऊ ब्लाउज हातावेगळे करते. २०१९ च्या दिवाळीत शेवटच्या ऑर्डरी देऊन घरी आले, चप्पल काढायला वाकले आणि कंबर तिथेच धरली. वाटलं उसण भरली असेल, चार दिवसांत उतरेल. ती उतरली नाही.

त्यानंतर गोळ्या झाल्या, पट्टा झाला, वजनं लावून कंबर ताणायचा प्रकार झाला. एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती थोडी बाहेर आलेली दिसली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, कंबर सांभाळून राहा. पण माझ्या धंद्यात सांभाळून कसं राहायचं ते कुणी सांगितलं नाही. गोळ्यांनी पोटात आग पडायला लागली, म्हणून मी दुसरे उपाय शोधायला लागले. दुकानात येणाऱ्या बायका रोज विचारतात, "ताई, ते कडकड आवाज करून कंबर मोकळी करतात तिथं जाऊ का?" प्रत्येकीला तोंडी सांगून होत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आधी मी फरक कसा मोजला ते सांगते. दुखणं कमी झालं की नाही हे मनाला विचारलं तर मन दर तासाला वेगळं सांगतं. माझा विश्वास टेपवर. गुडघे न वाकवता उभं राहायचं, पुढे वाकायचं, आणि मधल्या बोटाच्या टोकापासून फरशीपर्यंत किती अंतर राहतं ते मुलीकडून मोजून घ्यायचं. रोज रात्री नऊ वाजता, त्याच फरशीवर. गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीतच शेवटची पानं मी कमरेला दिली. पहिलं माप १४ इंच. म्हणजे माझी बोटं गुडघ्याच्या जेमतेम खाली पोचत होती.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे हाताने मणक्याला झटका देऊन कंबर मोकळी करायची ती कडकड आवाजाची पद्धत. तिथं गेले ते २०२३ च्या जूनमध्ये, सीझन संपल्यावर. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याबद्दल चांगलंही सांगायचंय आणि तक्रारही आहे. तपासणीचे हजार रुपये. काउंटरवर मणक्याचा प्लॅस्टिकचा सांगाडा आणि भिंतीवर डी. डी. पामर यांचा फोटो. १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी या गृहस्थांनी ही पद्धत सुरू केली. हार्वे लिलार्ड नावाच्या एका सफाई कामगाराला ऐकू येत नव्हतं, पामरनी त्याच्या पाठीचा मणका दाबला आणि ऐकू यायला लागलं, अशी ती गोष्ट सांगतात. ही गोष्ट मला नंतर उपयोगी पडली, ते पुढे येईल.

बेड अरुंद, तोंड ठेवायला मध्ये भोक, त्यावर टिश्यू पेपर. मला कुशीवर झोपवलं. वरचा गुडघा पोटाशी, खांदा मागे, कंबर पुढे, ओलं कापड पिळायला धरतात तसं. "श्वास सोडा" म्हणाले. श्वास संपता संपता त्यांनी हाताने कमरेवर एक आखूड झटका दिला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसे लागोपाठ दोन आवाज झाले. दुखलं नाही. उलट आतून ऊब पसरली. उठून उभी राहिले तर चार वर्षांत पहिल्यांदा दोन्ही पायांवर सारखा भार पडल्यासारखं वाटलं. मला तिथंच रडू आलं.

त्या रात्रीचं माप सव्वानऊ इंच. दुसऱ्या रात्री साडेदहा. तिसऱ्या रात्री तेरा.

हा आकडा मी पंधरा बैठका पाहिला. दर वेळी चार-पाच इंचांचा फरक पडायचा, दीड-दोन दिवस टिकायचा आणि हळूहळू उतरायचा. पंधराव्या बैठकीला गेले तेव्हाचं सुरुवातीचं माप साडेबारा होतं. म्हणजे दोन महिन्यांत पक्की कमाई दीड इंचाची. आराम खोटा नव्हता, त्या दोन दिवसांत मी पाळण्यातल्या नातीला उचलून घेतलं. पण तो राहत नव्हता.

माझी भाची फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला विचारलं, मावशीच्या कमरेत काय मोडतं गं? ती म्हणाली, काही मोडत नाही आणि काही जागेवरही बसत नाही. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं. सांधा झटकन ताणला की आतला दाब उतरतो आणि वायूचा फुगा तयार होतो, त्याचा तो आवाज. आपण बोटं मोडतो तोच प्रकार. झटक्यामुळे आजूबाजूचे आखडलेले स्नायू सैल पडतात आणि दुखण्याचा निरोप काही वेळ मंदावतो, म्हणून मोकळं वाटतं. हे ऐकल्यावर मोबाइलवरच्या त्या व्हिडिओंकडे बघायची माझी नजर बदलली. माइक जवळ धरून आवाज मोठा करतात. आवाज मोठा म्हणजे गुण मोठा असं नाही.

आता तक्रार. चौथ्या बैठकीला कमरेचं झाल्यावर मला काही न विचारता त्यांनी माझं डोकं धरून मान झटक्यात फिरवली. माझी मान दुखत नव्हती, मी मानेची तक्रारही केली नव्हती. उठल्यावर गरगरायला लागलं, मळमळलं, तासभर बाकावर बसून राहिले. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "टॉक्सिन बाहेर पडताहेत, पाणी प्या." घरी भाचीला सांगितलं तर ती चिडली. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे दोन रक्तवाहिन्या जातात. झटक्याने मान फिरवल्यावर फार क्वचित त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडल्याचं आढळलं आहे, आणि त्यातून गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. झटक्यामुळेच चीर पडते की आधीच सुरू असते यावर वाद आहे, पण अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितलं आहे की मानेला हात घालण्याआधी रोग्याला या धोक्याची कल्पना द्या. मला कुणी दिली नाही. अस्तर कसं फाटतं ते मला चांगलं कळतं. त्या दिवसापासून मी आत शिरतानाच सांगायचे, मानेला हात लावायचा नाही. त्यांनी पाळलं, हेही खरं.

दुसरी गोष्ट, माझं वय एक्कावन्न, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. या वयात बायकांची हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि ठिसूळ हाडावर झटका देत नाहीत. मला हाडांच्या घनतेच्या तपासणीबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. मी नंतर स्वतःहून केली, ठीक निघाली. माझ्या वयाच्या सगळ्यांना कळकळीने सांगते, ही तपासणी आधी करा.

तिसरी तक्रार पैशाची. पहिल्याच दिवशी, अंग हलकं झालेलं असताना, समोर पॅकेजचा कागद ठेवला. चोवीस बैठका, तीस हजार रुपये, आगाऊ. त्यात ॲसिडिटी आणि झोप यांचंही काम होईल म्हणाले. इथं मला पामरची गोष्ट आठवते. कमरेच्या दुखण्याला हाताने आराम पडतो हे मी अंगावर अनुभवलं. मणका दाबून पोटातली आग जाते हा मात्र त्या १८९५ सालच्या बहिरेपणाच्या गोष्टीचा उरलेला धागा आहे, आणि तो धरून माणसाकडून पैसे घेऊ नयेत. माझी ॲसिडिटी गोळ्या बंद केल्यावर गेली. पंधरानंतर मी थांबले तेव्हा नऊ बैठकांचे सव्वाअकरा हजार परत मागितले. "नॉन रिफंडेबल" म्हणाले. सव्वाअकरा हजार म्हणजे माझे किती ब्लाउज, ते मी मोजलेत.

अमेरिकेत या लोकांना चार वर्षांचं शिक्षण आणि राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे डॉक्टरांसारखी कायरोप्रॅक्टरची सरकारी कौन्सिल नाही. म्हणून शिक्षण कुठे झालं, किती वर्षांचं, हे तोंडावर विचारा. आठवड्याच्या कोर्सवालेही बोर्ड लावून बसलेत.

कटीबस्ती मी त्याच वर्षी दिवाळीआधी एका आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात केली. सात दिवस, दिवसाचे तीनशे रुपये. पालथं झोपवतात आणि उडदाच्या पिठाची कणीक मळून कमरेवर गोल पाळं बसवतात. कडा ओल्या बोटाने दाबून घेतात, थेंब गळायला नको. मग त्यात कोमट तेल ओततात. तेल निवायला लागलं की कापसाचा बोळा बुडवून काढून घेतात आणि गरम करून परत ओततात. अर्धा-पाऊण तास हेच. ती सिस्टर प्रत्येक वेळी आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायची. नंतर निर्गुंडी आणि एरंडाच्या पानांच्या पोटलीने शेक. मी वैद्यांना विचारलं, चरकांनी अर्धी चिकित्सा म्हटलंय ती हीच बस्ती का? ते म्हणाले, "नाही, ती एनिमासारखी गुदद्वारातून आत द्यायची. ही बाहेरची, नाव सारखं आहे एवढंच." उगीच मोठेपणा न घेता सरळ सांगितलं, मला फार बरं वाटलं.

सातव्या रात्री माप दहा इंच. झोप मात्र अशी लागली की पहाटे दुधवाल्याची बेल ऐकू आली नाही. दहा-बारा दिवस टिकलं. मग कापडाचा गठ्ठा उचलला आणि परत साडेबारावर.

उसणीवरून आठवलं. माझ्या माहेरी, माण तालुक्यात, उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून कमरेवर हळूच लाथ मारून घ्यायचे. माझी आई दर वेळी बरी व्हायची. आता कळतं की ताजी भरलेली कंबर बहुतेकांची काही दिवसांत, काही आठवड्यांत आपसूक सुटते. श्रेय त्या वेळी जो हात लावेल त्याचं. चार-पाच वर्षं मुरलेल्या दुखण्याला तो हिशेब लागू पडत नाही.

शेवटी भाचीनेच मला तिच्या कॉलेजच्या ओपीडीत ओढत नेलं. तिथल्या मॅडमनी एमआरआय बाजूला ठेवला. म्हणाल्या, पन्नाशीतल्या, पाठ अजिबात न दुखणाऱ्या शंभर जणांचे फोटो काढले तर साठेक जणांची चकती अशीच बाहेर आलेली दिसेल. फोटो बघून घाबरू नका, तुमचं टेबल दाखवा. मी मोबाइलवर दुकानाचा फोटो दाखवला. कटिंगचं टेबल २९ इंच उंच, माझी उंची पाच फूट चार. सत्तावीस वर्षं मी त्याच्यावर वाकतेय आणि मापं घेऊन पोट भरणाऱ्या मला टेबलाचं माप कधी सुचलं नाही. सुताराकडून पायांखाली सात इंचांचे ठोकळे बसवून घेतले. साडेतीनशे रुपये.

व्यायाम चारच. पाठीवर झोपून कंबर उचलायची, ओणव्याने उलटसुलट हात-पाय ताणायचे, पोट आत घेऊन धरायचं, आणि रोज अर्धा तास चालायचं. मशीनवर दर अर्ध्या तासाने उठायचं. त्यासाठी मी बॉबिन भरायचं मशीन मुद्दाम दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. पहिले पंधरा दिवस अंग इतकं आखडलेलं की कंबर उचलताच येईना. तेव्हा मॅडमना विचारून मी पदरचे पैसे भरून एका दुसऱ्या ठिकाणी दोन वेळा कमरेपुरतं मोकळं करून घेतलं, आणि त्या मिळालेल्या दोन-दोन दिवसांत व्यायाम रेटले. तिथं गाडी निघाली.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. भाचीने वाचून दाखवल्या. व्यायाम, समजावून सांगणं, मसाज, मणक्याला हाताने उपचार, ॲक्युपंक्चरच्या सुया टोचणं, यांना त्यांनी जागा दिली आहे. बहुतेकांचा पुरावा फार भक्कम नाही हेही स्पष्ट लिहिलं आहे. पट्टा आणि वजनाचा ताण नको म्हटलंय. मी दोन वर्षं घातलेला पट्टा त्या दिवशी कपाटातून काढून टाकला.

तर जायचं का? कंबर आखडली आहे, हाडं तपासली आहेत, आणि मोकळ्या दोन दिवसांत व्यायाम करायची तयारी आहे, तर जा. एका बैठकीचे पैसे द्या, मानेला हात लावू देऊ नका. पायात बधिरपणा वाढतोय, पाऊल लटकं पडतंय, लघवीवर ताबा राहत नाही किंवा तापाबरोबर कंबर दुखतेय, तर यातलं काहीच करू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

तीन महिन्यांनी माप साडेसहा झालं. यंदा मे महिन्यात, लग्नाच्या गर्दीत चालणं चुकलं तेव्हा आठवर गेलं होतं. काल रात्री मुलीने टेप लावला, पाच इंच आणि एक सूत. दुखतं अजून, मुख्यतः पावसाळ्यात सकाळी. नऊ बैठका शिल्लक असलेलं ते कार्ड वहीतच ठेवलंय, आणि वहीचं पान संपलं म्हणून आज दुसरं आखून घेतलं.