ओरिजिनल बिलं बँकेत, माल बायरच्या गोदामात

परदेशी बायरला पाठवलेले 4,800 होजिअरी टी-शर्ट, नगाला 3.20 डॉलर, एकूण 15,360 डॉलर. ॲडव्हान्स 20 टक्के, म्हणजे 3,072 आले. उरलेले 12,288 बुडाले. आकडे मुद्दाम देतेय, ‘थोडंफार अडकलं असेल’ असं कुणी म्हणायला नको.

अटी एफओबी आणि डी/पी. डी/पी म्हणजे बायरने बँकेत पैसे भरले की मगच त्याला कागद. एफओबी म्हणजे जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च माझा, पुढचं भाडं बायरचं; म्हणून फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणारा एजंट, बायरने ठरवलेला. यात जगावेगळं काय केलं मी?

बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजावर दिलेल्या मालाच्या पावतीचा, ड्राफ्ट मेलवर आला. कन्साइनीच्या, म्हणजे माल घेणाऱ्याच्या, रकान्यात ‘टू ऑर्डर’ (ओरिजिनलवर सही करून देऊ त्यालाच माल) हवं, तिथे थेट बायरच्या कंपनीचं नाव. मला दिसलं होतं! फॉरवर्डरला फोनही केला. “अहो मॅडम, आमच्या हाउस बिलाचा फॉरमॅटच तसा आहे. कटऑफ जवळ आलाय, कन्फर्म करा.” सीझनचा माल, कार्टन यार्डात पोचलेले, जहाज चुकलं तर ऑर्डर रद्द. अशा वेळी कोण अडून बसतं? ‘ओके’ टाइप केलं. ती दोन अक्षरं अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. असं नावावर काढलेलं बिल असलं की काही देशांत माल सोडवायला ओरिजिनल लागतच नाही. त्यात हाउस बिल फॉरवर्डरने स्वतः काढलेलं; जहाजाकडून माल ज्यावर सुटतो ते शिपिंग लाइनचं मास्टर बिल त्याच्याच ताब्यात, मी ते जन्मात पाहिलं नाही. माझी तीनही ओरिजिनल बँकेत धूळ खात होती आणि माल केव्हाच उचलला गेला होता.

बँक म्हणते, यूआरसी 522 (बँकेमार्फत वसुलीचे आंतरराष्ट्रीय नियम) वाचा, मालाची जबाबदारी आमची नाही. मग कलेक्शन चार्जेस कशाचे कापले? विमावाले म्हणतात, माल सुखरूप पोचलाय, क्लेम कसला! पोलीस म्हणतात दिवाणी बाब, सायबरवाले म्हणतात मेल खरा, कंपनी खरी, आमच्यात बसत नाही. एका साहेबांना तर बिल ऑफ लेडिंग म्हणजे भरायचं बिल वाटलं. “मग तुम्ही ते भरलं का नाही?”

फॉरवर्डर बायरचा असेल तर लाइनचं मास्टर बिल मागा, शिपर म्हणून स्वतःचं नाव आणि कन्साइनी ‘टू ऑर्डर’. देत नसेल तर कार्टन हलवू नका. एफसीआरवर भुलू नका, ती फॉरवर्डरने माल मिळाल्याची दिलेली नुसती पोच असते, मालावरचा हक्क नव्हे. पैसे खात्यात दिसेपर्यंत टेलेक्स रिलीज (ओरिजिनलशिवाय माल सोडायची सूचना) नाही, बायरने बँकेतून पैसे पाठवल्याची स्विफ्टची कॉपी दाखवली तरी नाही. आणि बायर बुडवेल त्यासाठी क्रेडिट इन्शुरन्स वेगळा असतो, हे मला एजंटाने आता सांगितलं, हप्ता घेताना नाही.

त्याच फॉरवर्डरचा काल मेल आला. डॉक्युमेंटेशन चार्जेसचे 85 डॉलर थकलेत म्हणे, व्याज लावतील.