वॅगनआर, आठ महिने आणि कुंभार्ली घाट

एसटीत मी ३१ वर्षं स्टिअरिंग धरलं. चिपळूण डेपोत ड्युटी, त्यातली निम्म्याहून जास्त कुंभार्ली घाटात. पण स्वतःच्या नावावर चारचाकी कधी नव्हती. गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे २०२५ च्या पावसाच्या तोंडावर, मारुतीची वॅगनआर घेतली. १ लिटरचं पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर. आज मीटरवर ९,४०० किलोमीटर आहेत. ओळखीचे लोक रोज विचारतात, गाडी कशी आहे, सांभाळायची कशी. म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो.

आधी गाडी का घेतली ते. सौ.च्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन कराडला झालं आणि पुढे आठवड्याला एकदा व्यायामासाठी तिथे जायचं होतं. चिपळूण ते कराड नव्वदेक किलोमीटर, मध्ये हाच कुंभार्ली घाट. एसटीची पहिली पायरी किती उंच असते हे मला स्टिअरिंगवर बसून कधी कळलं नव्हतं. ते कळलं तिला हात देऊन चढवताना.

म्हणून शोरूममध्ये मी इंजिन नंतर बघितलं, आधी सौ.ला बसवून बघितलं. तीन गाड्यांमध्ये बसवलं. एकीत खाली वाकून बसावं लागत होतं, उठताना गुडघ्यावर सगळा भार. दुसरी इतकी उंच की पुन्हा पायरी चढल्यासारखंच. वॅगनआरची सीट तिच्या कमरेच्या बरोबरीने आली. दाराकडे पाठ करायची, खुर्चीवर टेकावं तसं सीटवर टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. फिजिओथेरपिस्टने शिकवलेली हीच पद्धत. छत उंच असल्यामुळे डोकं वाकवावं लागत नाही. दार पुरेसं रुंद उघडतं. तिथेच माझा निर्णय झाला. घरात कोणाला गुडघ्याचा, कमरेचा त्रास असेल तर गाडी घेताना त्या माणसाला सोबत न्या, आणि एकदा नाही, पाच वेळा चढ-उतर करायला लावा. पाचव्या फेरीला खरं काय ते कळतं.

गाडी ताब्यात घेताना दोन तास गेले, जाऊ दिले. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. माझ्या चारही टायरवर १५२५ होतं, म्हणजे २०२५ सालचा पंधरावा आठवडा. स्टेपनीही तेवढीच ताजी. मीटरवर ३८ किलोमीटर. चेसिस नंबर कागदाशी अक्षर-अक्षर जुळवला. जॅक आणि पाना बाहेर काढून बघितला, कारण तो नाही हे कळायची वेळ नेहमी रात्रीची आणि पावसातली असते. शोरूमचं नाव घेत नाही, पण तिथे चकाकीचं कोटिंग, सीट परफ्यूम, आतल्या सफाईचं पॅकेज असं बरंच गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. मी मडफ्लॅप आणि रबरी मॅट घेतले, बाकी नको म्हटलं. कोकणात कापडी मॅट घेऊ नका. जूनमध्ये भिजते ती गणपतीपर्यंत वाळत नाही, आणि गाडीत कुबट वास भरतो.

पहिल्या हजार किलोमीटरबद्दल जरा जास्त लिहितो, कारण नवीन गाडी घेतलेली मुलं इथेच घाई करतात. हँडबुकमध्ये लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. इंजिनमधले पिस्टन, रिंगा, सिलिंडरच्या भिंती एकमेकांना अजून सरावलेल्या नसतात. या काळात अॅक्सिलरेटर मुळापर्यंत दाबायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तासन् तास एकाच वेगाने चालवणंही बरं नाही, हे फार थोड्यांना माहीत आहे. वेग कमी-जास्त होत राहिला पाहिजे. म्हणून मी सुरुवातीला महामार्गावर लांब गेलोच नाही. गुहागर, शृंगारतळी, सावर्डे, खेर्डी, अशा जवळच्या फेऱ्या मारल्या. ब्रेकचंही तसंच. नवीन पॅड डिस्कवर नीट बसायला थोडा काळ जातो, तोवर पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवायचं.

सकाळी सेल मारला की लगेच गाडी दामटायची नाही. पण पूर्वीसारखं पाच-पाच मिनिटं उभ्या उभ्या इंजिन गरम करण्याचीही आता गरज नाही. ती सवय मलाही मोडावी लागली. अर्धा मिनिट थांबायचं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू न्यायची, बस्स.

सिग्नलला किंवा रेल्वे फाटकात गाडी न्यूट्रल करून क्लचवरून पाय काढला की इंजिन आपोआप बंद पडतं. पहिल्यांदा झालं तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, बंद पडली वाटतं." क्लच दाबला की पुन्हा चालू होतं. पेट्रोल वाचवण्यासाठी दिलेली सोय आहे. नको असेल तर बटण आहे. मी गावात चालू ठेवतो, घाटात बंद करतो.

आता घाट. पोफळी सोडली की चढ लागतो. चौघं जण, डिकीत सामान आणि एसी चालू असेल तर हे ९९८ सीसीचं इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये तीव्र वळणावर दमतं. त्यात गाडीचा दोष नाही, एवढ्या इंजिनाकडून तेवढीच अपेक्षा ठेवायची. पण लोक गिअर उतरवायला तयार नसतात. तिसऱ्यातच अॅक्सिलरेटर दाबत राहतात, गाडी घुसमटते, हादरे देते, आणि मग म्हणतात पिकअप नाही. वळणाच्या आधी दुसरा टाका. आवाज वाढेल, वाढू द्या. इंजिन मोकळ्या आवाजात चढत असेल तर त्याला त्रास नाही. त्रास आहे तो त्या घुटमळणाऱ्या घरघरीत. आरपीएमच्या काट्याकडे बघण्यापेक्षा कान द्या. चार दिवसांत गाडी काय मागते ते कळायला लागतं. दुसऱ्यात घातलेली वॅगनआर कुंभार्ली अगदी आनंदाने चढते. मी आठवड्याला चढवतोय.

चढावर ट्रकच्या मागे थांबावं लागलं तर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी तोलून धरू नका. चढावर गाडी मागे घसरू न देणारी हिल होल्डची सोय मॅन्युअल गाडीला नाही, ती एएमटीवाल्या, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या मॉडेलला आहे. हँडब्रेक ओढा, क्लच हळूहळू सोडा, बोनेट किंचित उचलल्यासारखं जाणवलं की हँडब्रेक सोडा. गाडी इंचभर मागे येत नाही. एका मुलाने नव्या गाडीची क्लचप्लेट वर्षाच्या आत जाळलेली मी पाहिली आहे, केवळ हाफ क्लचच्या सवयीने. मोकळ्या मैदानाच्या चढावर अर्धा तास सराव केला तर हे जमतं.

आणि उतार. इथे मी हात जोडून सांगतो, न्यूट्रल करू नका. पेट्रोल वाचतं असं समजून किती तरी लोक कोयनानगरकडून येताना घाट सुरू झाला की न्यूट्रल टाकतात. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात उलटं आहे. गाडी गिअरमध्ये आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असला की इंजिनाला जाणारं पेट्रोल जवळजवळ बंद होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापला की पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिन बंद करून उतरणं तर जीवावर बेतणारं. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो, इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन वेळा दाबलं की पॅडल दगडासारखं होतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात एका जुन्या चालकाने सांगितलं होतं. ते बसला जेवढं लागू, तेवढंच या गाडीलाही.

पावसाळ्यात सगळ्यात मोठी अडचण काचेची. घाटात धुकं, बाहेर पाऊस, आत चार माणसांचा श्वास. काच आतून धुरकट झाली की लोक फडक्याने पुसत बसतात. एसी लावा, हवेचा झोत काचेकडे वळवा आणि बाहेरची हवा आत घेणारा खटका चालू करा. आतलीच हवा फिरत ठेवली तर ओल आतच राहते. एसी ती ओल शोषून घेतो, मिनिटभरात काच स्वच्छ. पण जुलैत एक दिवस उलटं झालं. एसी जोरात होता आणि काच बाहेरून धुरकटली. थंड काचेवर बाहेरची दमट हवा बसत होती. तेव्हा वायपर मारायचा आणि एसीची थंडी कमी करायची. आत की बाहेर, हे बोट फिरवून बघितलं की समजतं.

पावसात गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली तर डिस्कवर तांबूस गंज धरतो. पहिल्या दोन ब्रेकला खरखर आवाज येतो आणि जातो, घाबरू नका. मागे ड्रम ब्रेक आहेत. हँडब्रेक ओढून आठवडाभर ओल्यात ठेवली तर ते चिकटू शकतात. मी सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाला दगड लावतो. आमच्याकडे आंब्याखाली गाडी उभी असते. काचेच्या खालच्या जाळीत पानं साचतात, पाणी तुंबतं. दर रविवारी हाताने पानं काढतो. उंदरांचं तर विचारूच नका. पावसाळ्यात ते ऊब शोधत बोनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. सकाळी बोनेटवर दोन थापा मारायच्या, उघडून टॉर्च फिरवायचा. एकदा एअर फिल्टरच्या डब्यावर सुक्या गवताचा झुबका सापडला. त्या दिवशी बघितलं नसतं तर पुढचं काही सांगता येत नाही.

एका वॉशिंग सेंटरमध्ये मी विचारायच्या आत त्यांनी बोनेट उघडून प्रेशरचा पाइप आत मारला. हॉर्न दोन दिवस बसला होता. तेव्हापासून बोनेट ओल्या फडक्याने मीच पुसतो. पंक्चरवाल्याकडेही लक्ष ठेवावं लागतं. हवेचा योग्य आकडा चालकाच्या दाराजवळच्या खांबावर चिकटवलेला असतो. एकाने सवयीने पंचेचाळीस भरली, गाडी खड्ड्यावर चेंडूसारखी उडत होती. हवा नेहमी गाडी थंड असताना, पंधरा दिवसांतून एकदा बघा. आणि पंपावर नोझल आपोआप थांबलं की तिथेच थांबा. टाकीच्या वाफा धरून ठेवणाऱ्या डब्यात पेट्रोल शिरलं तर नसता खर्च.

विम्याचं सांगतो ते चिपळूणच्या अनुभवाने. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, आमच्या डेपोतल्या गाड्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या एका शेजाऱ्याने गाडी सुरू होते का बघायला सेल मारला. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला, इंजिन गेलं. गाडी पाण्यात बुडाली असेल तर सेल मारू नका, किल्लीसुद्धा फिरवू नका, बॅटरीची वायर काढा आणि टो करून न्या. साध्या पॉलिसीत असं इंजिनाचं नुकसान सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. मी पहिल्याच दिवशी घेतलं. नदीकाठच्या कोणत्याही गावात राहत असाल तर कोटिंगचे पैसे वाचवा आणि इथे घाला.

अॅव्हरेज टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजतो, डेपोत दहा लिटरमागे किलोमीटर मोजायचो तसं वहीत लिहून. गावात लिटरला १६ ते १७, कराडच्या फेरीला २० ते २१. कंपनीचा आकडा २४ च्या वर आहे, पण तो चाचणीतला.

सुरक्षेचं लपवत नाही. गाडी आपटवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत वॅगनआरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला होता आणि मुलांसाठी एकही नाही. त्यानंतर २०२५ पासून सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना आल्या, माझ्या गाडीलाही आहेत. तरी मी ऐंशीच्या वर जात नाही आणि मागच्या सीटवरही पट्टा लावल्याशिवाय गाडी हलत नाही. नात आली की तिची वेगळी सीट बांधतो. रोज एक्स्प्रेस-वेवर पळायचं असेल तर दुसऱ्या गाड्याही बघा.

२२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तीन महिने थांबलो असतो तर चांगले पैसे वाचले असते, वाईट वाटलं. पण त्या तीन महिन्यांत सौ.च्या बारा फेऱ्या झाल्या, आणि ऑगस्टच्या शेवटी ती काठीशिवाय गाडीतून उतरली.

पुढच्या महिन्यात दहा हजाराची सर्व्हिस आहे. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचा आहे. हँडबुकातल्या तक्त्यावर खूण करून ठेवली आहे, त्याबाहेरचं काही जॉबकार्डवर लिहिलं तर सही करण्याआधी विचारणार. काढलेला जुना फिल्टर मला दाखवा, असं आत्ताच फोनवर सांगून ठेवलंय.