परवाना मिळाला, आता घ्यायचं काय? मुंबईत रोज कंबरेला लावायच्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांची तुलना

शस्त्र परवाना मंजूर झाल्याचं कळलं की माणूस आधी यूट्यूब उघडतो. तिथे अमेरिकेतले लोक ग्लॉक, सिग, स्मिथ अँड वेसन समोर मांडून कुठलं पिस्तूल शर्टाखाली लपतं ते दाखवत असतात. बघायला मजा येते, पण आपल्याला उपयोग शून्य. ९ मिलिमीटर, .३८, .४५ ही सगळी आपल्याकडे निषिद्ध बोअर आहेत, म्हणजे नळीची अशी मापं जी साध्या परवान्यावर मिळत नाहीत. साध्या परवान्यावर हातात धरायचं शस्त्र म्हणजे मुख्यतः .३२, नाहीतर .२२. परदेशातून वैयक्तिक आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंदच आहे. त्यामुळे निवड मोजक्या चार-पाच देशी शस्त्रांत आणि जुन्या परदेशी मालात करायची असते.

लोक सुरुवात बोअर आणि पल्ल्यापासून करतात. माझ्या मते मुंबईत सुरुवात शर्टापासून करावी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल नेताना ते अंगावरच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे शस्त्राच्या म्यानात, किंवा तशाच पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि त्यावर तुमचा ताबा हवा. मिरवायची सोय नाही. लग्नात हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे शस्त्र लपणं ही इथे कायद्याची अट आहे. आणि आपले कपडे कसले, तर सुती हाफ शर्ट, कुर्ता, फार तर लिनन. दिल्लीवाल्याला निदान तीन महिने जाकीट मिळतं. आपल्याला बाराही महिने घाम.

म्हणून पहिला प्रश्न जाडीचा. सहा काडतुसांची चक्री असलेलं .३२ रिव्हॉल्व्हर कंबरेला लावलं की सव्वा ते दीड इंचाचा फुगवटा येतो. तेवढ्याच बोअरचं पिस्तूल जेमतेम इंचभर जाड. वजन अंगाला कळतं, पण जाडी समोरच्याला दिसते. दादरच्या पुलावर संध्याकाळी खांद्याला खांदा घासत चालणाऱ्या माणसाला हा फरक लगेच समजेल.

सरकारी पिस्तूल म्हणजे 'अशनी'. बंगालमधल्या आयुध निर्माणीचं, .३२ बोअरचं, मुठीत सरकवायच्या आठ काडतुसांच्या डबीचं, म्हणजे मॅगझिनचं. सपाट असल्यामुळे पँटच्या आत बसणाऱ्या होल्स्टरमध्ये ते नीट झाकलं जातं, शर्ट बाहेर सोडला की झालं. पण पिस्तूल घेतलं म्हणजे एक निर्णय रोज घ्यावा लागतो, नळीत काडतूस ठेवून फिरायचं की नाही. ठेवलं तर सेफ्टीवर आणि स्वतःच्या बोटावर विश्वास हवा. नाही ठेवलं तर ऐन वेळी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे खेचायला दोन्ही हात लागतात. या जातीच्या साध्या पिस्तुलांत स्लाइड बंद ठेवायचं काम बहुतांशी स्प्रिंगच करते, त्यामुळे ती खेचायला जोर लागतो. पन्नाशीतल्या, सांधे दुखणाऱ्या माणसाने दुकानात हे स्वतः करून पाहावं. दुकानदार दाखवतो तेव्हा सगळंच सोपं दिसतं.

काडतूस फुसकं निघालं तर? रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस घोड्यासमोर, म्हणजे त्यावर आदळणाऱ्या हातोडीसमोर, येतं. पिस्तुलात आधी ते फुसकं काडतूस बाहेर काढावं लागतं, आणि त्याचा हाताला सराव हवा. इथेच माझं मत ठाम आहे: जो नेमबाजीच्या रेंजवर नियमित जाणार नाही त्याने पिस्तूल घेऊ नये. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. सदस्यत्व, वेळ आणि तिथे कोणत्या बोअरचा सराव चालतो हे आधी विचारून घ्या. 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांची शस्त्रं कपाटातच राहिलेली मी पाहिली आहेत.

आता रिव्हॉल्व्हर. कानपूरचं सरकारी .३२ म्हणजे मार्क ३ हे सगळ्यांच्या ओळखीचं. काडतुसं नसताना ७०० ग्रॅम, नळी साधारण तीन इंचांची, एकूण लांबी सुमारे १७८ मिलिमीटर. आराखडा जुन्या ब्रिटिश वेब्ले रिव्हॉल्व्हरच्या वळणाचा, मधोमध मोडून भरायचा. मोडलं की रिकाम्या पुंगळ्या एकदम वर येतात. मात्र सगळा ताण वरच्या कडीवर आणि खालच्या बिजागरीवर असतो. जुनं घेत असाल तर बंद करून नळी आणि मूठ हाताने उलटसुलट हलवून पाहा. खुळखुळ वाटली तर नको म्हणा, मग किंमत कितीही कमी असो. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे आता वेब्ले अँड स्कॉटच्या नावानेही .३२ रिव्हॉल्व्हर बनतं. त्याचा ढंगही याच घराण्याचा.

'निर्भीक' जानेवारी २०१४ मध्ये आलं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर स्त्रियांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीतून विकायला ठेवलं आणि किंमत लावली १,२२,३६० रुपये. त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. नोकरदार बाई एवढे पैसे कुठून आणणार, आणि परवान्याच्या रांगेत कोण उभं राहणार? पण जाहिरात बाजूला ठेवून वस्तू पाहिली तर ती चांगली आहे. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन ५०० ग्रॅम. मार्क ३ पेक्षा २०० ग्रॅम कमी, आणि कंबरेला दहा तास लावल्यावर ते २०० ग्रॅम नीट कळतात. हलक्या शस्त्राचा झटका जास्त बसतो ही भीती इथे फारशी लागू नाही, कारण रिव्हॉल्व्हरचं .३२ काडतूस मुळातच सौम्य आहे. नेमबाजीच्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात याच जातीचं काडतूस वापरतात ते उगाच नाही. पुरुषांनी 'बायकांचं रिव्हॉल्व्हर' म्हणून नाक मुरडू नये एवढंच.

'प्रबल' सगळ्यात नवं, ऑगस्ट २०२३ चं. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यातल्या कानपूरच्या कंपनीचं. वजन पुन्हा ७०० ग्रॅमच्या घरात, नळी ७६ मिलिमीटर. खरा बदल म्हणजे चक्री बाजूला उघडते. सांगाडा अखंड राहिल्यामुळे कडी-बिजागरीची कटकट संपते. गाजावाजा मात्र झाला तो पन्नास मीटरच्या पल्ल्याचा, आणि मला त्याचं हसू येतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण तो संकटाच्या प्रमाणात आणि दुसरा मार्ग नसताना. पन्नास मीटरवरच्या माणसाने तुमच्यापुढे दुसरा मार्गच ठेवला नव्हता, हे कोर्टाला पटवून दाखवा! प्रबल घ्यायचं तर मजबुतीसाठी घ्या, पल्ल्यासाठी नको.

'निडर' फक्त २५० ग्रॅमचं. .२२ बोअर, आठ काडतुसं, इतकं छोटं की खिशात मावतं. मावतं म्हणून खिशात ठेवू मात्र नका, चाप झाकणारं होल्स्टर हवंच. .२२ काडतुसात ठिणगी देणारा मसाला तळाच्या कडेत भरलेला असतो, त्यामुळे फुसकं निघण्याचं प्रमाण मोठ्या काडतुसांपेक्षा जास्त. आखूड नळी आणि लहान मूठ यामुळे नेमही कठीण. रोज बाळगायला सगळ्यात सोपं आणि वापरायला सगळ्यात अवघड, असा त्याचा विचित्र स्वभाव आहे. ज्यांना कंबरेवर काही सहनच होत नाही त्यांच्यासाठीच.

जुन्या परदेशी मालाचा मोह अनेकांना पडतो. वाल्थर पीपीके, कोल्ट १९०३, ब्राउनिंग. पीपीके खरोखर सुबक, .३२ मध्ये सात काडतुसं, आणि लपण्यात सगळ्यांच्या वरचढ. पण आयात बंद म्हणून त्यांच्या किमती काही लाखांत जातात. शिवाय कोल्ट १९०३ चं उत्पादन १९४५ लाच थांबलं. स्प्रिंग किंवा मॅगझिनचा काडतूस धरून ठेवणारा ओठ गेला तर सुटा भाग आणणार कुठून? संग्रहासाठी हवं तर जरूर घ्या. ज्याच्या भरवशावर दुकानातली रोकड घेऊन घरी जायचं, ते शस्त्र मी तरी इतकं म्हातारं घेणार नाही.

काडतुसांबद्दल एक इशारा. रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत कधी कधी बसतंही, तरी ते वापरू नये. दुकानात 'बत्तीस द्या' एवढंच म्हणून भागत नाही.

पावसाळा हा मुंबईचा स्वतंत्र मुद्दा. जून ते सप्टेंबर खारी हवा, त्यात कंबरेचा घाम आणि चामड्याचं होल्स्टर जे तो घाम पिऊन बसतं. साध्या पोलादावर काही दिवसांत तांबूस ठिपके येतात. पिस्तुलात स्लाइडच्या खाचा, स्प्रिंग, मॅगझिन एवढं सगळं पुसावं लागतं. रिव्हॉल्व्हरला तेलाचा कापड फिरवला की बराचसा प्रश्न मिटतो. निर्भीकचा सांगाडा इथेही बाजी मारतो, टायटॅनियम गंजत नाही. रात्री शस्त्र होल्स्टरमध्येच ठेवून झोपायची सवय मात्र कुठल्याही मॉडेलला मानवत नाही.

आणि सुरक्षितता. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून पायाला लागली. जुन्या धाटणीच्या कुठल्याही रिव्हॉल्व्हरबाबत विक्रेत्याला थेट विचारा: शस्त्र पडलं तर घोडा काडतुसावर आदळू नये यासाठी आत काय अडसर आहे? उत्तर गुळमुळीत आलं तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच काडतुसं भरायची, हा जुना रिवाज पाळा. सहावं कमी झाल्याने बिघडत काही नाही.

मग कोणी काय घ्यावं? झवेरी बाजारातला किंवा बीकेसीच्या हिरे बाजारातला माणूस, जो गाडीने फिरतो आणि महिन्यातून एकदा तरी रेंजवर जाईल, त्याने अशनी. सराव होणार नाही हे ज्याला मनातून माहीत आहे, त्याने निर्भीक, विक्रेत्याकडे मिळत असेल तर. शस्त्र मुख्यतः पेढीवरच राहणार असेल तर प्रबल, तिथे वजनाचा त्रास नाही. लोकलने जाणाऱ्याला मी शस्त्र रोज बाळगूच नका म्हणेन. विरारच्या गर्दीत ताबा ठेवणं कोणालाच जमत नाही, आणि नियमात ताब्याचीच अट आहे.

खर्च धरताना २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा ४० टक्के जीएसटी विसरू नका, आणि चांगलं होल्स्टर व घरातली लोखंडी तिजोरी हे दोन्ही त्याच हिशोबात घाला. परवान्याची हद्दही वाचा. ती महाराष्ट्रापुरती असेल तर सुरतेला माल घेऊन जाताना तलासरीच्या पुढे ते शस्त्र बेकायदा ठरतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत ते जमा करण्याची नोटीसही येऊ शकते, तेव्हा सुरक्षेची सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नये.

दुकानात जाताना रोजचा शर्ट आणि रोजचा पट्टा घालून जा. रिकामं शस्त्र विक्रेत्यासमोर होल्स्टरसह लावून बघा, खुर्चीत बसा, वाका, वरच्या फळीवरचं काहीतरी काढल्यासारखा हात वर करा. शर्ट वर सरकून मूठ दिसली तर पुढचं मॉडेल मागवा.