फिट की कोलोनोस्कोपी? माझा कौल कुठे गेला

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी करायची ठरवली की बहुतेकांपुढे दोनच पर्याय उरतात: दरवर्षी फिट, म्हणजे शौचात न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी, किंवा दहा वर्षांतून एकदा कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून पाहणं. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञ मंडळाने २०२१ मध्ये सुरुवातीचं वय ५० वरून ४५ वर आणलं आणि दोन्ही मार्ग मान्य केले. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ही डॉक्टरांची संघटना मात्र २०२३ मध्येही ५० वर ठाम राहिली. त्यांच्या मते फिट दोन वर्षांतून एकदा पुरते.

मी आधी फिटच केली. नमुना पाण्यात पडू द्यायचा नाही, काडीचं टोक त्यावर चार ठिकाणी फिरवायचं, बाटलीत खोचून झाकण घट्ट लावायचं. पथ्य नाही, रजा नाही. निकाल निगेटिव्ह आला.

दुसऱ्या वर्षीचा किट आणून कपाटात ठेवला आणि तिथेच घोडं अडलं. या रविवारी, पुढच्या रविवारी करता करता महिने गेले. कपाट आवरताना तो हाती लागला, तेव्हा बाटलीवरची मुदत उलटून गेली होती. ते फार मनाला लागलं. फिट शौचातला रक्ताचा अंश शोधते, आणि पॉलिपमधून (आतड्याच्या अस्तरावरची गाठ, जिचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) काही रोज रक्त येत नाही. लहान पॉलिपमधून तर बहुधा येतच नाही. या वर्षी निसटलेलं पुढच्या वर्षी सापडावं, यावरच तिची सगळी मदार. मधलं वर्ष चुकलं की तो आधारच जातो.

म्हणून कोलोनोस्कोपी केली. तयारीची रात्र नकोशी असते, हे खरंच. जुलाबाचं अर्धं औषध आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे. पहाटेचा ग्लास घशाखाली उतरता उतरत नव्हता. पण त्या पहाटेच्या डोसानेच आतडं नीट साफ होतं, तो टाळू नका. एक लहान पॉलिप दिसला आणि तिथल्या तिथे काढलाही. त्यामुळे पुढची तारीख दहाऐवजी सात वर्षांनी आली, तरी मला ते परवडतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर फिट अधिक सोयीची ठरू शकते. कोलोनोस्कोपीत क्वचित रक्तस्राव होतो, आतड्याला छिद्रही पडू शकतं. डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. फिट पॉझिटिव्ह आली, तर मात्र पुन्हा फिट करून पाहण्यात अर्थ नाही, कोलोनोस्कोपीच करावी लागते. आणि फिट निवडलीत, तर किट घरी आणल्याच्या दुसऱ्या सकाळीच वापरा.