पंप दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत

बडोद्यात कारेलीबागेत एका फिजिओथेरपी क्लिनिकच्या वरच्या मजल्यावर दमेकऱ्यांसाठी श्वासाचा वर्ग चालतो. ओळखीतल्या बऱ्याच जणी "कसा आहे गं?" म्हणून विचारतात, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी घरून मसाल्याच्या ऑर्डरी घेते. गोडा मसाला, मेतकूट आणि उन्हाळ्यात वर्षाचं तिखट. आणि मला दमा आहे. हसा खुशाल, आमच्याकडे सगळे हसतात.

शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट गुजराती आहेत, सगळे त्यांना बेनच म्हणतात. पहिल्या दिवशी मी ओढणी खोचून, मांडी घालून तयार बसले, तर त्यांनी आधी विचारलं, "पंप आणलाय? कसा घेता ते दाखवा." वर्गातल्या प्रत्येकाला हे करावं लागतं, जुन्यांनाही अधूनमधून. माझ्या शेजारच्या काकांनी पंप दाबला आणि अर्धं औषध तोंडातून धुरासारखं बाहेर आलं. बेननी त्यांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं नळकांडं, लावायला दिला आणि क्रम सांगितला: पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग दाबता दाबता सावकाश आत ओढा, 10 आकडे मोजेपर्यंत रोखा, आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर शेवटी खळखळून चूळ भरा. चूळ न भरल्यामुळे तोंड येतं, आवाज बसतो आणि लोक दोष देतात औषधाला.

फक्त निळ्या पंपावर दिवस काढणाऱ्यांना बेन सरळ डॉक्टरांकडे परत पाठवतात. निळा पंप आवळलेली श्वासनळी तेवढ्यापुरती मोकळी करतो, आतली सूज तशीच राहते. दम्यासाठी जगभर ज्यांच्या सूचना मानतात त्या ‘गिना’ संस्थेनेही 2019 पासून हेच सांगितलंय, की मोठ्या माणसांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये, सोबत सुजेवरचं स्टेरॉइड हवंच. "पंपाची सवय लागते" असं म्हणणाऱ्या एका आजींना बेन म्हणाल्या, "चष्म्याची लागली ना? मग?" आजी गप्प.

आता श्वासाकडे येते. याआधी मी एका योगवर्गाला जायचे. तिथे सुरुवातच भस्त्रिकेनं आणि जोरजोरात कपालभातीनं. माझी छाती आवळायची, शिट्टी वाजायला लागायची. गुरुजी म्हणायचे, "मळ बाहेर पडतोय, चालू ठेवा." बाहेर ‘दमा मुळापासून’ असा फलकही होता. मी चालू ठेवलं नाही.

बेनच्या वर्गात सगळा भर कमी श्वास घेण्यावर आहे. कारण त्यांनी नीट समजावलं. दम्यात नळ्या आतून सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात, त्यात कफ. अशा नळीतून हवा आत जायला जितका त्रास, त्याहून जास्त बाहेर पडायला. जुनी हवा आतच अडकते आणि आपण घाबरून वरून आणखी ओढतो, तोंडाने, खांदे उचलून. छाती भरलेलीच असते आणि वाटतं मात्र हवा मिळत नाही.

म्हणून पहिला धडा: खुर्चीत टेकून बसायचं, एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने श्वास, पोटावरचा हात हलला पाहिजे, छातीवरचा नाही. दुसरा धडा मला फार आवडला. नाकाखाली बोट आडवं धरायचं आणि श्वास इतका हळू करायचा की बोटाला वारा जेमतेम लागावा. सोपं वाटतं, पण थोड्याच वेळात जीव कासावीस होतो आणि एक मोठा श्वास चोरून घ्यावासा वाटतो. बेन पाठीमागून येतात, खांद्यावर बोट ठेवतात, "उतावळ नथी, बेन." म्हणजे घाई नाही. ही पद्धत 1950 च्या दशकात सोव्हिएत रशियातल्या बुटेको नावाच्या डॉक्टरांनी काढली. त्यांच्या मूळ दाव्यांतलं सगळंच आमच्या बेन मानत नाहीत, श्वास लांबवर रोखून धरायलाही लावत नाहीत. कामाचं तेवढं घेतात, हे मला पटलं.

तिसरा म्हणजे ओठ मुडपून, शीळ घालताना करतो तसे, हळूहळू सोडणं. आत 2 आकडे, बाहेर 4. जिना चढताना, पिशव्या उचलताना हाच उपयोगी पडतो. आणि दम लागलाच तर पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून बसायचं. आडवं व्हायचं नाही.

पहिल्याच दिवशी बेननी हेही सांगून टाकलं की या व्यायामांनी धाप, घाबरटपणा, रोजचं जगणं यात फरक पडतो. फुप्फुसाची ताकद यंत्रावर फारशी वाढलेली दिसत नाही आणि औषध यामुळे सुटत नाही. पैसे घेऊन एवढं खरं बोलणारं माणूस मला या क्षेत्रात तरी भेटलं नव्हतं.

यंत्र म्हणजे पीक फ्लो मीटर. प्लॅस्टिकची नळी, वर काटा. उभं राहून पूर्ण श्वास भरायचा आणि एका झटक्यात फुंकायचं, तीनदा, त्यातला सर्वात मोठा आकडा वहीत. माझा चांगल्या दिवसातला आकडा 360. त्याच्या 80 टक्के म्हणजे 288 च्या वर असले तर हिरवा दिवस, 180 ते 288 पिवळा, 180 च्या खाली लाल. लाल म्हणजे निळा पंप घ्या आणि दवाखाना गाठा. वाक्य पुरं बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसायला लागले तर आकडा बघत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा, तिथे कसला आलाय श्वासाचा व्यायाम. माझी वही बघून बेननी एक गोष्ट काढली: मिरची भाजायच्या दिवसांनंतर सकाळचा आकडा 270 च्या आसपास घसरतो. तेव्हापासून मिरची भाजणं आणि कुटणं दोन्ही गिरणीवाल्याकडे. धणे, खोबरं, तीळ मी घरी भाजते, खिडकी उघडी ठेवून. मिरचीच्या खाटापुढे कुठलाही प्राणायाम चालत नाही.

हे मोजमाप बघून मला आमचे सासरे आठवतात. ते दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे आणि तिथल्या माणिकरावांच्या शिष्यांत स्वामी कुवलयानंद होते हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. कुवलयानंद जन्मले इथे जवळच, डभोईला, 1883 साली. लोणावळ्याला 1924 मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था काढायच्या आधी त्यांनी उड्डियान, नौली या पोटाच्या योगक्रिया शरीरात नेमकं काय करतात ते आपल्या बडोद्याच्याच हॉस्पिटलात तपासून पाहिलं होतं. शंभर वर्षांपूर्वी योगी माणूस प्रयोग करून बघत होता आणि आज फलकवाले म्हणतात, विश्वास ठेवा.

रविवारी कमाटीबागेत चालणं असतं. आधी 10 ते 15 मिनिटं अगदी रमतगमत, नळ्या तापायला. मग वेग, पण इतकाच की शेजारणीशी बोलता आलं पाहिजे; गाता येत असेल तर कमी चालताय. शेवटी पुन्हा हळू. चालताना तोंड बंद, श्वास नाकाने, म्हणजे हवा गरम आणि ओली होऊन आत जाते. ज्यांना डॉक्टरांनी सांगितलंय ते निघायच्या 15 मिनिटं आधी पंप घेतात. माझी गंमत म्हणजे गेल्या नवरात्रीत सोसायटीच्या गरब्यात बे ताळी, म्हणजे दोन टाळ्यांचा गरबा, आरामात खेळले. मोठ्या मैदानावर नाही गेले, तिथली धूळ माझ्यासाठी नाही.

तक्रारी आहेतच. दमेकऱ्यांचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बहुतेक वेळा बंद, यात विनोद कोणाच्या लक्षात आला नाही असं दिसतं. खाली अंथरलेलं जाजम जुनं आहे, झटकलं की धूळ उडते. मी घरून धुतलेली चादर नेते. खालच्या दुकानदाराची उदबत्ती संध्याकाळी जिन्यात भरून राहते, सांगूनही फरक नाही. हिवाळ्यात कमाटीबागेची वेळ सकाळी 6.30 ठेवणं मला चुकीचं वाटतं, थंड कोरड्या हवेत आम्हा लोकांना ठसका लागणारच. उत्तरायणानंतर ती थोडी उशिरा केली, पण डिसेंबर आम्ही नाकावर ओढण्या बांधून काढला. दिवाळीच्या धुरात मात्र बेन स्वतःच चालणं रद्द करतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर काढ्यांचे मेसेज येत राहतात, तो मी म्यूट केलाय.

फी महिन्याला 1500, पहिली तपासणी 500 वेगळी. मीटर स्वतःचा आणायचा, मला आठशेच्या आत मिळाला. शिकवणं गुजराती-हिंदीत, मराठी वेगळं नाही, बडोद्यात कोणाचं अडत नाही. औषध बंद करायच्या इच्छेनं जाणार असाल तर पैसे वाया जातील. ज्यांना हार्टचा त्रास आहे किंवा नुकताच दम्याचा मोठा अटॅक येऊन गेलाय त्यांना बेन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेत नाहीत, तेव्हा ती आधीच आणा. 5 पैकी 4 देते, एक जिन्यासाठी कापला. संध्याकाळच्या बॅचला जागा लवकर भरते. सकाळी 11 ची निवांत असते आणि तेव्हा खालची उदबत्तीही नसते.