‘मळ सुटायलाय’ म्हणाला आणि आम्ही नऊ दिवस गप्प बसलो

नानांचं पोट दुखायचं ते पहाटे. तीन-साडेतीनला उठून बसायचे, माय दूध कोमट करून द्यायची, दोन घोट पोटात गेले की बरं वाटायचं आणि पुन्हा आडवे व्हायचे. मला फोनवर कळायचं ते एवढंच, की ‘ॲसिडिटी वाढलीय’. ज्वारीची भाकर, ठेचा, दिवसाला सहा कप चहा आणि वर तंबाखू. ॲसिडिटी होणारच म्हणून मीही विषय सोडून द्यायचो.

मी परभणीला एका कृषी सेवा केंद्रात हिशेब बघतो. नाना-माय सेलू तालुक्यात गावी असतात. गेल्या वर्षी तूर काढायच्या दिवसांत नाना बांधावरच पोट धरून बसले, म्हणून त्यांना घेऊन आलो. रात्री मोबाईलवर टाकलं, ‘पोटविकार तज्ज्ञ परभणी’. सगळ्यात वर जे नाव आलं त्याला 4.9 तारे होते. सकाळी गल्लीतल्या मेडिकलवाल्याला विचारलं तर त्यानंही तेच नाव घेतलं. “मुंबईवाले आहेत, फक्त रविवारी येतात. नंबर मी लावतो, तुम्ही काळजी सोडा.” दोन ठिकाणांहून एकच नाव आलं म्हणल्यावर मी कशाला शंका घेतोय? मेडिकलवाल्याला पेशंटमागं पाचशे मिळत होते, हे पुढं त्याच्याच दुकानातल्या पोरानं सांगितलं. ओळखीच्या तोंडून आलेलं नाव आणि पैसे घेऊन दिलेलं नाव ऐकायला सारखंच लागतं.

एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्या होत्या. बोर्डवर ‘एम.डी.’ हातभर अक्षरात. त्याच्यापुढं कंसात काहीतरी बारीक होतं, ते मी वाचलंच नाही. आत पांढरा कोट, गोड बोलणं. नानांच्या हातात एक धातूची दांडी दिली, तिची वायर लॅपटॉपला. एक मिनिटभर पडद्यावर रंगीत रेषा नाचल्या आणि प्रिंटरमधून 38 पानं बाहेर आली. लिव्हर अमुक टक्के, आतड्यांची हालचाल तमुक, पित्ताशय, मेंदू, हाडं, जीवनसत्त्वं, सगळं. सुई नाही, रक्त नाही, उपाशीपोटी यायला नको. मला खरं सांगायचं तर भारी वाटलं.

आता आठवून बघतो तेव्हा जाणवतं ते वेगळंच. त्या माणसानं नानांच्या पोटाला हात लावला नाही. कधी दुखतं, जेवल्यावर कमी होतं की जास्त, दुसरं कुठलं औषध चालू आहे का, एक शब्दानं विचारलं नाही. विचारलं ते मला, आणि तेही एवढंच, की शेती किती आणि मी काय करतो.

मग आवाज खाली आणून म्हणाला, “आतड्याला सूज आहे. आत्ता धरलं तर ठीक, सहा महिन्यांनी कॅन्सरचं सांगता येत नाही.” तीन महिन्यांचा कोर्स, 27,000 रुपये, आज भरले तर 24,000. क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव आलं भलत्याच बाईचं. विचारलं, तर म्हणे अकाउंट मॅडमच्या नावावर आहे. पावती पुढच्या रविवारी देतो म्हणाला. औषध म्हणून लेबल नसलेल्या डब्यांत तपकिरी भुकटी आणि दोन बाटल्या काढा. नाना खाली उतरताना म्हणाले, “बाळा, एवढ्यात तर बैल आला असता.” मीच त्यांना गप्प केलं.

दहा-बारा दिवसांनी मायचा फोन आला. नानांना संडासला काळं व्हायलंय, डांबरासारखं, चिकट, वासही घाण. मी लगेच त्या नंबरवर फोन लावला. पलीकडून एक बाई गोड आवाजात म्हणाली, सरांशी बोलते. पाच मिनिटांनी ‘सर’ स्वतः आले लाईनवर. “अहो, ही तर चांगली खूण आहे. जुना मळ सुटायलाय, विष बाहेर पडायलंय. औषध बंद करू नका.”

मी ते मायला जसंच्या तसं सांगितलं. नऊ दिवस गेले. नानांना चार पावलं चालल्यावर धाप लागायला लागली, तेही आम्ही ‘विष निघतंय, अशक्तपणा येणारच’ म्हणून धरून चाललो. दहाव्या दिवशी अंगणात चक्कर येऊन पडले, तेव्हा चुलतभावानं मला न विचारताच जीप काढली आणि सेलूला एका एमडी मेडिसिन डॉक्टरकडं नेलं.

त्या डॉक्टरांनी नानांची खालची पापणी ओढून पाहिली आणि पहिला प्रश्न केला, “गुडघे दुखतात का?” आम्हाला वाटलं, पोटाचं दाखवायला आलोय आणि हे गुडघ्याचं काय विचारतात. “त्याच्यासाठी काय घेता?” नानांनी बंडीच्या खिशातून पट्टी काढली. डायक्लोफिनॅक. दोन वर्षं, रोज एक, कधी दोन, बऱ्याचदा नुसत्या चहावर. मेडिकलमधून सुट्ट्या आणायचे. मला माहीतच नव्हतं.

हिमोग्लोबिन 6.9 निघालं, म्हणजे अंगात रक्त फारच कमी. काळं जे पडत होतं ते मळ नव्हता, रक्त होतं. पोटात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्त सुटलं की ते आम्लात आणि आतड्यात पचत खाली येतं, म्हणून लाल न दिसता डांबरासारखं काळं दिसतं. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो, पण तो असा चिकट नि घाणेरड्या वासाचा नसतो. त्याच रात्री नांदेडला हलवलं, दोन पिशव्या रक्त चढलं. डॉक्टर लेनमधल्या एका गॅस्ट्रोच्या, म्हणजे पोटविकाराच्या डॉक्टरांनी दुर्बीण टाकली. घशात बधिर करायचा फवारा मारला आणि दहा मिनिटांत काम झालं. लहान आतड्याच्या तोंडाशीच जखम होती. तिथंच पोटातला बारीक तुकडा काढून एका पिवळ्या चकतीवर ठेवला, ती बघता बघता गुलाबी झाली. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. याच जंतूचा आणि अल्सरचा संबंध शोधला म्हणून 2005 चं नोबेल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं, आणि मार्शल यांनी तर तो जंतू स्वतः पिऊन पाहिला होता. हे मी नानांना सांगितलं तर म्हणाले, “त्यांनी फुकट पिला, आपण 24,000 देऊन.”

एका बाजूनं जंतू, दुसऱ्या बाजूनं गुडघ्याच्या गोळ्या. पोटाचं अस्तर सांभाळणारं जे रसायन शरीर बनवतं, तेच या गोळ्या कमी करतात. उपचार निघाला 14 दिवसांचा, दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी. आम्ल कमी करायची गोळी पुढंही काही दिवस चालली. दुखणंगोळी कायमची बंद.

घरी आल्यावर मी त्या बोर्डचा फोटो मोठा करून पाहिला, नाना बाहेर उभे असताना सहज काढलेला. ‘एम.डी.’च्या पुढं कंसात होतं ‘ए.एम.’, म्हणजे अल्टरनेटिव्ह मेडिसिन. खरा गॅस्ट्रोचा डॉक्टर आधी एमबीबीएस होतो, मग तीन वर्षं एमडी, आणि त्याच्यावर आणखी तीन वर्षं डीएम गॅस्ट्रोएंटरॉलॉजी किंवा त्याच तोडीचं डीआरएनबी. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर लिहिणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, आणि तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकून कुणालाही फुकट बघता येतो. आमच्या चिठ्ठीवर क्रमांकच नव्हता. आयुर्वेदाला कुणी नावं ठेवू नये, वैद्यांची नोंद वेगळ्या कौन्सिलकडं असते. मी तिथंही नाव टाकून पाहिलं, हा तिथंही नव्हता.

ताऱ्यांचं म्हणाल तर ते अभिप्राय मी नंतर एकेक उघडून वाचले. बहुतेक एकाच पंधरवड्यातले. परभणीत आतड्याची सूज बरी झालेल्या एका बाईंनी त्याच आठवड्यात सुरतच्या सामान वाहतूकवाल्याला आणि इंदूरच्या ब्युटी पार्लरलाही पाच तारे दिले होते. सगळ्यात कमी तारे आधी दिसतील असं लावलं तेव्हा वरच चार ओळी सापडल्या, ‘मशीन खोटी आहे, पैसे गेले’. मी जायच्या आठ महिने आधी लिहिलेल्या.

आणखी एक, जे मला सेलूच्या डॉक्टरांनी सांगितलं. पोट दुखलं की थेट गॅस्ट्रोच शोधायची गरज नसते. जवळचा एमडी मेडिसिन बघतो आणि लागलंच तर पुढं पाठवतो. पण काळी संडास, रक्ताची उलटी, आपोआप वजन उतरणं, घास अडकणं किंवा कावीळ यातलं काही असेल तर रविवारची वाट बघायची नाही.

तक्रार केली. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं लेखी दिली, बोगस डॉक्टरांसाठीच्या समितीपुढं विषय गेला, पोलिसांत जबाब झाला. माडीवर कुलूप होतं आणि बोर्डच्या जागी चार खिळे. पावती नव्हती, पण क्यूआरच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि त्या बोर्डचा फोटो होता, त्यावरच जे काय चाललंय ते चाललंय. पैसे आलेले नाहीत.

ती 38 पानांची फाईल नानांनी जपून ठेवलीय. परवा गुडघे ठणकत होते, गोळी तर बंद, तेव्हा त्यांनी चष्मा लावून हाडांचं पान काढलं आणि मला बोलावलं. तिथं छापलं होतं, ‘सांधे : उत्तम’.

“हे बघ,” नाना म्हणाले, “मग दुखायलंय कामून?”