पुट्टीकडून मॉशकडे: लातूरहून सर्व्हरवरचं मराठी वाचताना

आधी काम सांगतो. लातूरच्या एका आडत दुकानाचा हिशेब भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर असतो आणि फायलींची नावं मराठीत असतात: 'तूर_आवक', 'सोयाबीन_पट्टी' अशी. मुनीमजींना तीच हवीत, माझीही हरकत नाही. वर्षानुवर्षं पुट्टी वापरली, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर आज्ञा टाइप करायची खिडकी (टर्मिनल) देणारा विंडोजवरचा प्रोग्राम. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर विंडोज टर्मिनल, त्यात डब्ल्यूएसएलवरचं (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू लिनक्स आणि सर्व्हरशी जोडायला मॉश अशी मांडणी केली. सोयाबीनचा सगळा हंगाम तिच्यावरच काढला.

पण पुट्टीची बाजू घ्यायलाच हवी. अक्षरं बिघडली की लोक तिच्या नावानं खडे फोडतात, दोष बहुतेकदा दुसरीकडेच असतो. 'म' हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवता येणाऱ्या पद्धतीत, तीन बाइटचं. फायलींची यादी देणाऱ्या एलएस आज्ञेनं त्याच्या जागी तिरप्या रेघांसकट ३४०, २४४, २५६ असे आकडे छापले, तर सर्व्हरवरचं लोकेल (भाषा आणि अक्षरं कशी हाताळायची याची सेटिंग) नुसतं 'सी', म्हणजे इंग्रजीपुरतं आहे. टर्मिनलपर्यंत अक्षर पोचलेलंच नाही. त्याऐवजी डोक्यावर रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं चिन्ह, मग गोलातला आर असं त्रिकूट दिसलं, तर बाइट नीट आलेत, पण टर्मिनल ते विंडोज-१२५२ या जुन्या, रोमन लिपीच्या पद्धतीतले समजून वाचतंय. पुट्टीत विंडोखालच्या ट्रान्सलेशनमध्ये रिमोट कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ करा, विषय संपला. नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर सेटिंगला हात लावायच्या आधी एक्सएक्सडी या आज्ञेनं फाइलीतले बाइट बघा. ई०, ए४ अशी जोडी, म्हणजे मराठी अक्षराची सुरुवात, दिसली की जीव भांड्यात पडतो. नुसतं ३एफ, ३एफ असेल तर तिथं खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलंय. मूळ अक्षर कधीच गेलं, कुठलंही टर्मिनल ते परत आणणार नाही.

लोकेलसाठी मी लँग या चलात (सेटिंग साठवणाऱ्या नावात) सी.यूटीएफ-८ ठेवतो. डेबियन, उबुंटूवर ते आयतंच असतं, वेगळं तयार करावं लागत नाही. फक्त क्रम कोडनुसार लागतो, म्हणजे 'ळ' हा 'ह'नंतर न येता 'ल' आणि 'व'च्या मध्ये येतो. डाळींच्या यादीत ते मुनीमजींना खटकतं, मला नाही.

मॉशचा हट्टीपणा मला आवडला. दोन्ही टोकांना यूटीएफ-८ लोकेल नसेल तर तो सुरूच होत नाही, सरळ तसा संदेश देतो. अर्धवट चालून नंतर त्रास देण्यापेक्षा हे बरं. खरा फायदा मात्र वेगळाच. आमच्याकडे लाईट गेली की राऊटर बसतो, मग मोबाईलचं हॉटस्पॉट, म्हणजे आयपी बदलला. पुट्टीतलं सेशन तिथंच मान टाकायचं. मॉश थोडा थांबतो आणि तिथूनच पुढे चालू होतो. त्यासाठी फायरवॉलमध्ये यूडीपीचे (मॉश वापरतो त्या डेटा पाठवायच्या पद्धतीचे) ६०००० ते ६१००० पोर्ट उघडावे लागतात, आणि वर सरकलेला मजकूर मागे जाऊन बघता येत नाही. म्हणून आत टीमक्स (सेशन सर्व्हरवरच धरून ठेवणारा, मागचा मजकूर दाखवणारा प्रोग्राम) हवंच, आणि तेही यूटीएफ-८ धरायला लावणारा 'यू' हा पर्याय देऊन.

प्रोग्रामनं काढलेल्या चौकटींच्या रेघांऐवजी एल, क्यू, क्यू, के अशी अक्षरं उमटली तर एनकर्सेस_नो_यूटीएफ८_एसीएस या चलाला १ द्या. बायनरी फाइल (मजकूर नसलेली) कॅट या आज्ञेनं पडद्यावर ओतल्यावर नुसत्या रेघोट्या आल्या, तर आंधळेपणानं 'रीसेट' टाइप करून एंटर दाबा.

आता न सुटलेलं दुखणं. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद, एका चौकटीत एक अक्षर. उकार, एक मात्रा, अनुस्वार, हलंत यांना शून्य रुंदी धरतात, ते आधीच्या अक्षरावर बसतात. काना आणि वेलांट्यांना मात्र जुन्या हिशेबानं स्वतःची चौकट मिळते. त्यामुळे 'किंमत'मधली पहिली वेलांटी 'क'च्या आधी न जाता मागे लटकते, खाली ठिपक्यांचं वर्तुळ घेऊन. विंडोज टर्मिनलच्या १.२२ आवृत्तीपासून अख्खं जोडाक्षर एकत्र धरलं जातं, दिसायला खूपच सुधारलं. पण सर्व्हरवरचं शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) रुंदी आपल्याच पद्धतीनं मोजतं. दोघांचा हिशेब जुळला नाही की कर्सर एकीकडे, अक्षर दुसरीकडे, आणि बॅकस्पेस भलतंच पुसतंय असं वाटतं. मोजण्याची पद्धत सेटिंगमध्ये बदलता येते: जुनी निवडली तर कर्सर जागेवर येतो आणि अक्षरं पुन्हा फाटतात. मी दिसणं निवडलंय, आणि मराठी नाव टाइप न करता टॅबनं पूर्ण करून घेतो.

मराठी मजकुरात दुरुस्ती करायची असेल तर टर्मिनलच्या वाटेला जात नाही, व्हीएस कोड या एडिटरमधून, सर्व्हरशी जोडणाऱ्या रिमोट-एसएसएचनं फाइल उघडतो. पुट्टी अजून काढलेली नाही, नेटवर्क स्विचच्या सिरियल पोर्टला तीच लागते.